वाफेच्या हत्तीचे रसग्रहण

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात तेव्हा एक गोष्ट माझ्या डोळ्यांना नेहमी खुपत आली आहे. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज उठून उभे राहिले तर महादरवाजातून त्यांना आत जाता येणार नाही. बुरुजावरचा मावळा बुरुजाएवढाच उंच. आणि अळीव जरा जोमाने उगवले की तोफा दिसेनाशा होतात. कारखान्यात नकाशे काढण्यात ज्याची उमेद गेली अशा माणसाला प्रमाणाचा हा गोंधळ सोसवत नाही. पण मुलांशी मी कधी वाद घातला नाही. महाराज त्यांच्या मनात मोठे आहेत म्हणून किल्ल्यावरही मोठे आहेत. तिथे फूटपट्टी घेऊन जाणारा माणूस अरसिकच म्हटला पाहिजे.

मोठ्या माणसाने खेळणे करायला घेतले म्हणजे मात्र ही सवलत त्याला मिळत नाही, आणि मिळू नये. गेल्या दिवाळीनंतर मी असे एक खेळणे करायला घेतले. ते पुरे व्हायला अकरा महिने लागले. एक कादंबरी तीनदा वाचूनही तिच्याविषयी जे मला कळले नव्हते ते या खेळण्याने शिकवले. म्हणून हा लेख म्हटला तर खेळण्याविषयी आहे, म्हटला तर पुस्तकाविषयी.

सुरुवात नातवाने केली. त्याने कुठेशी काही छोट्या मोटारींची चित्रे पाहिली होती. अंगभर पितळ, रिबिटांच्या ओळी, एक-दोन धुराडी, दाबाचे काटे, आणि जागा मिळेल तिथे घड्याळाची दातेरी चाके. या तऱ्हेला स्टीमपंक म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द जरा थट्टेनेच वापरला. तो स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक असे तिघेजण व्हिक्टोरिया राणीच्या जमान्यात घडणाऱ्या अद्भुत कथा लिहीत होते. त्या लेखनाला काही नाव हवे होते. पेट्रोल आणि वीज यांनी जग व्यापलेच नसते, वाफेचीच सद्दी चालू राहिली असती, तर यंत्रे कशी दिसली असती, हा या कल्पनेचा गाभा. पुढे ती पुस्तकांतून बाहेर पडली आणि हौशी कारागिरांच्या हातात गेली.

नातवाला मोटार हवी होती. मी म्हटले, मोटार नको, हत्ती करू.

ज्यूल व्हर्नची ‘वाफेचे घर’ ही कादंबरी १८८० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. स्टीमपंक हा शब्द जन्माला येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट, आणि ती घडते हिंदुस्थानात. १८५७ च्या उठावाला दहा वर्षे झाली आहेत. बँक्स नावाचा इंग्रज इंजिनियर एक पोलादी हत्ती चालवत आणतो. भूतानच्या राजाने तो हौसेने बनवायला सांगितला होता. पण राजाच वारला, आणि बँक्सने हत्ती विकत घेतला. मागे दोन चालते बंगले जोडलेले. त्यांत बसून कर्नल मन्रो, वाघांचा हिशेब ठेवणारा एक शिकारी कप्तान, एक फ्रेंच पाहुणा आणि नोकरचाकर अशी मंडळी कलकत्त्याच्या बाजूने हिमालयाकडे निघतात. सोंड हे धुराडे, पाठीवरच्या घुमटीच्या अंबारीत चालवणारा. उंची वीस फूट, लांबी तीस.

चोविसास एक असे प्रमाण धरले. म्हणजे हत्ती दहा इंच उंच, पंधरा इंच लांब आणि साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा. आकडे कागदावर मांडले तेव्हाच पहिला धडा मिळाला. खरा हत्ती खांद्याशी नऊ-दहा फूट भरतो. व्हर्नचा हत्ती त्याच्या दुप्पट. वाचताना ‘वीस फूट’ हे शब्द डोळ्यांखालून सहज निघून गेले होते. मेणाचा माणूस शेजारी उभा केल्यावर तो हत्तीच्या गुडघ्याच्या थोडा वर पोहोचला, आणि रस्त्याकडेचे खेडूत हे धूड पाहून का थबकत असतील ते समजले.

सामान जुन्या बाजारातून आणि घरातून जमवले. पोटाच्या सांगाड्याला छत्रीच्या काड्या, बॉयलरला पितळी डबीचा नळकांडा, अंबारीच्या घुमटाला पितळी स्टोव्हच्या टाकीचा तुकडा, अंगाला पातळ तांब्याचा पत्रा. पत्र्यावर रिबिटांच्या ओळी उठवायच्या होत्या. ऐन फराळाच्या दिवसांत मी करंज्यांचे कातणे पळवले आणि पत्र्याच्या पाठीवरून फिरवले. ओळीऐवजी नागमोडी रेघ उठली. आमच्या घरातून लगेच अभिप्राय आला, “अहो, हत्तीला मुरड घातलीत की काय?” शेवटी शिवणाच्या डब्यातली कापडावर खुणा करायची दातेरी चाकी कामाला आली. तिच्या दोन दातांत दोन मिलिमीटर अंतर. चोवीसपट केले की अठ्ठेचाळीस, म्हणजे सुमारे दोन इंच. बॉयलरच्या रिबिटांत साधारण तेवढेच अंतर शोभते. सवाष्णीच्या डब्यातले हत्यार इतके नेमके असेल असे वाटले नव्हते.

मग चाके. एका घड्याळजीने आपल्या खणातली मोडकी घड्याळे मूठभर पैशांत देऊन टाकली होती. त्यांतली सतरा चाके मी हत्तीच्या कुशीवर, कानामागे, गुडघ्यांवर डकवली. संध्याकाळच्या दिव्यात ती लखलखत होती. चित्रांतल्या मोटारींच्या तोंडात मारील असा थाट झाला. नातू शाळेतून आला, वाकून पाहू लागला, आणि गुडघ्यावरच्या चाकावर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, हे काय करतं?”

काही करत नव्हते. त्याचे दात दुसऱ्या कशात अडकत नव्हते. ते फिरले असते तरी काही हलले नसते. शिवाय घड्याळाचे एक मिलिमीटर जाडीचे चाक म्हणजे मूळ हत्तीवर एक इंचाहून कमी जाडीची चकती. वीस फुटी धुडाचा पाय उचलताना तिचे दात पहिल्याच झटक्याला गळून पडले असते. मी त्या रात्री चौदा चाके काढून टाकली. उरलेल्या तिघांना काम दिले. बाजूचे हँडल फिरवले की ती एकमेकांना फिरवतात आणि हत्तीचे पुढचे पाय आळीपाळीने उचलले जातात. हत्ती गरीब दिसू लागला, पण चालू लागला.

माझी या पंथावरची टीका एवढीच आहे, आणि ती एका शाळकरी मुलाच्या प्रश्नात संपूर्ण सामावते. जोडलेले चाक आणि चिकटवलेले चाक यांत फरक आहे. स्टीमपंकमधली हौस मला पटते. आज आपण खिशात जी यंत्रे बाळगतो ती काळ्या पाटीसारखी मुकी असतात. बिघडली तर कुठे बोट घालावे हे कळत नाही. स्टोव्ह तुंबला तर माझी आई पिन घालून तो मोकळा करी, आणि तो पुन्हा निळ्या ज्योतीने बोलू लागे. यंत्राचे पोट दिसावे, आपल्या हाताला त्याचे दुखणे कळावे, या ओढीतून ही पितळी चाके आली आहेत. पण तीच चाके जेव्हा नुसती डकवली जातात तेव्हा ज्या मुक्या यंत्रांचा कंटाळा आला त्यांच्यापेक्षाही ती अधिक मुकी होतात. कारण ती बोलण्याचे सोंग करतात.

आणि हा दोष पितळेपुरता नाही. आपल्याकडच्या कितीतरी ऐतिहासिक कथांत पानापानांवर मुजरे, कट्यारी आणि भरजरी शेले असतात. त्या शेल्याच्या जागी उपरणे घातले तरी कथेचे पान हलत नाही. तेही डकवलेलेच चाक. वाचकाने अशा जागी बोट ठेवून नातवाचा प्रश्न जरूर विचारावा.

हीच कसोटी व्हर्नला लावली तर काय दिसते? कारागीर म्हणून तो चोख उतरतो. त्याच्या हत्तीला भूक आहे, तहान आहे. लाकूड किंवा कोळसा आणि पाणी मिळाल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. शिवाय ही कल्पना निव्वळ हवेतली नव्हती. रॉबर्ट थॉमसनने जाड रबरी धावांची वाफेची रस्तागाडी काढली होती, आणि क्रॉम्प्टन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८७० नंतरच्या वर्षांत तशा गाड्या हिंदुस्थान सरकारसाठी पंजाबात आणल्या. त्यांतल्या ‘चिनाब’ नावाच्या गाडीची १८७१ मध्ये इंग्लंडातल्या इप्सविचपासून एडिंबरोपर्यंत धाव घेऊन परीक्षा झाली होती. रुळांनी मात्र ही शर्यत जिंकली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रुळांनी जोडली गेली. व्हर्नने आपली कथा १८६७ मध्ये, हा सांधा जुळण्याच्या आधी नेऊन ठेवली, यात त्याची जाण दिसते. रुळांवरून जाणारा माणूस देश पाहत नाही, हा त्याच्या प्रवाशांचा युक्तिवाद तेव्हा खपण्याजोगा होता.

व्हर्नच्या नावावर जे पितळ आज खपते त्यातले बरेचसे त्याचे नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅप्टन नेमोची ‘नॉटिलस’ पाणबुडी म्हटली की लोकांना रिबिटांनी भरलेले, पाठीवर करवतीसारखे दाते असलेले जलचर आठवते. ते रूप हार्पर गॉफने डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटासाठी दिले. व्हर्नची पाणबुडी सत्तर मीटर लांब, चिरुटासारखी निमुळती, आणि ती विजेवर चालते. वाफेचा तिथे संबंध नाही. पण गॉफचे काम मी चिकटवलेले चाक म्हणणार नाही. त्याच्या करवतीचे दाते जहाजांचे बूड फाडतात. त्याने मूळ बदलले, पण नव्या रूपाला काम दिले.

तसेच फ्रान्समधल्या नांत शहरातल्या हत्तीचे. व्हर्न १८२८ मध्ये याच गावी जन्मला. तिथे जुन्या गोदीच्या जागेवर फ्रान्स्वा देलारोझिएर आणि पिएर ओरेफिस यांच्या कल्पनेतला बारा मीटर उंचीचा हत्ती २००७ पासून फिरतो. लाकूड आणि पोलाद यांचा सांगाडा उघडा दिसतो, पोटात-पाठीवर पन्नासेक माणसे बसतात, आणि सोंडेतून बघ्यांच्या अंगावर पाणी उडते. त्याचे पाय उचलले जातात, पण भार मधल्या चाकांवर असतो, आणि ती चाके लपवलेली नाहीत. ही युक्ती मी निलाजरेपणाने उचलली आहे. माझ्या हत्तीच्या पोटाखालीही चार चाके आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती आधी दाखवतो.

येथवर सगळे हौसेचे झाले. पण चालवणारा अंबारीत बसवला, बंगल्याच्या खिडकीत कर्नल मन्रो बसवला, आणि नातवाने विचारले, “नानासाहेब कुठे बसतात?”

या प्रश्नाला मी वर्षभर चुकवत होतो. कादंबरीचा पडदा उघडतो तो औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम जाहीर करणारे पत्रक लागले आहे, आणि फकिराच्या वेषातला एक माणूस त्यावरचे नाव फाडून टाकतो. तो स्वतः नानासाहेबच. मग वेरूळच्या लेण्यांत मसलत. पुढे दोन भागभर तो मन्रोचा पाठलाग करतो. पकडून त्याला तोफेच्या तोंडी बांधतो. आणि शेवटी स्वतःच हत्तीवर जखडला जाऊन, बॉयलर फुटतो तेव्हा हत्तीबरोबर ठिकऱ्या होऊन मरतो. म्हणजे पुस्तकाशी इमान राखायचे तर नानासाहेबांची जागा हत्तीच्या मानेवर, दोरांनी बांधलेली.

व्हर्न पक्षपाती होता एवढे म्हणून सुटका होत नाही. उठावावरच्या प्रकरणात इंग्रजांनी घेतलेल्या सूडाची तो दखल घेतो; तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा मन्रोच्याच एका पूर्वजाने चालू केली होती, हेही त्याच्या कथेत स्पष्ट आहे. दुसरीकडे, कानपूरच्या बिबीघरात १५ जुलै १८५७ रोजी शंभराहून अधिक इंग्रज स्त्रिया आणि मुले मारली गेली, हे मी नातवापासून लपवले नाही. हुकूम कोणाचा याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला होता.

पण टीकाकार म्हणून मला खटकते ते वेगळे. १८७४-७५ मध्ये आलेल्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत व्हर्नने कॅप्टन नेमोची ओळख उघड केली. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार. सत्तावनात लढलेला, घरदार गमावलेला. त्या बंडवाल्याला व्हर्नने दुःख दिले, बुद्धी दिली, ग्रंथालय दिले, आणि स्वतःचे यंत्र दिले. पाच-सहा वर्षांनी त्याच लेखकाने दुसरा बंडवाला रंगवला, तो इतिहासातला, आणि त्याला सूडाची तहान तेवढी दिली. डक्कार आपल्या यंत्राचा धनी म्हणून मरतो. नानासाहेब दुसऱ्याच्या यंत्रावर बांधलेले मरतात. कल्पनेतल्या माणसाविषयी व्हर्न उदार होता. ज्याचे नाव-गाव जगाला ठाऊक होते त्याच्याविषयी तो वर्तमानपत्राच्या पलीकडे गेला नाही. धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, मूळचे कर्जतजवळच्या वेणगावचे. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर ज्यांचे वर्षाला आठ लाखांचे पेन्शन कंपनीने नाकारले ते बिठूरचे नानासाहेब या हत्तीच्या आसपास कुठेच दिसत नाहीत. तिथे दिसते ते इनामाच्या पत्रकावरचे नाव. हत्तीच्या पोटातला प्रत्येक दट्ट्या ज्याने जोडून घेतला त्याने कथेतले सर्वांत मोठे चाक नुसते चिकटवले, असे मला वाटते.

मग मला मोह झाला. नानासाहेबांची पावणेतीन इंची मूर्ती केली, पागोटे बांधले, आणि सरळ अंबारीत बसवली. चालवणाऱ्याला खाली उतरवले. दोन दिवस घरात सगळे खूश होते, मीही होतो. तिसऱ्या दिवशी मला माझाच नियम आठवला. नानासाहेबांनी हा हत्ती मागवला नव्हता, चालवला नव्हता. कादंबरीतही नाही आणि इतिहासात तर हत्तीच नाही. माझ्या अभिमानाचे ते चाक कशाच्याच दातांत बसत नव्हते. मी मूर्ती उतरवली. बांधून मानेवर ठेवून पाहिली. हात धजले नाहीत, आणि इतिहासाने तसे सांगितलेले नाही. १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत गेल्यावर नानासाहेबांचे पुढे काय झाले ते खात्रीने कोणी सांगू शकलेले नाही. व्हर्नने त्यांना जो शेवट दिला तो इतिहासापाशी नव्हता.

आता हत्ती दिवाणखान्यातल्या कपाटावर आहे. त्याच्या मानेवर दोर आहे, पण जागा रिकामी आहे. नानासाहेबांची मूर्ती एका वेगळ्या लाकडी फळीवर, हत्तीकडे पाठ करून, निघून जाताना उभी आहे. पाहुणे हँडल फिरवतात, पाय उचललेले पाहून मुले टाळ्या वाजवतात, आणि मग कोणीतरी विचारते की हा बाजूला उभा असलेला गृहस्थ कोण. ते सांगायचे काम नातवाने आपल्याकडे घेतले आहे. तो पत्रक सांगतो, तोफ सांगतो, बिबीघर सांगतो, पेन्शन सांगतो. काही गाळत नाही. त्याला लागणारा वेळ पाहता फराळाची ताटे आधी आणलेली बरी, असे आमच्या घरातले मत आहे.

या वर्षीचा किल्लाही त्याने केला आहे. मावळा मापून बुरुज बांधला, तोफ मापून जंग्या ठेवल्या. अळीव दोन दिवस उशिरा पेरले. महादरवाजा फूटपट्टी लावून काढला. महाराज मात्र पूर्वीइतकेच मोठे आहेत. मी काही बोललो नाही, नुसता दरवाजाकडे आणि मग महाराजांकडे पाहिले.

तो म्हणाला, “ते मुद्दाम आहे, आजोबा.”